पेपर चालू असताना घरात कोणी बोलायचं नाही

माझी सून इस्पितळात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना ‘श्वास घ्या, रोखा, सोडा’ सांगून घरी येते आणि कधीकधी झोपेतही तेच बडबडते. माझा मुलगा म्हणतो, “आई, मी तिला न विचारता श्वास सोडला तर रागावेल का गं?” असला आचरट, अगदी बापावर गेलाय.

तर त्या इस्पितळात नवं मशीन येणार होतं, अख्खा माणूस आत सरकवायचं. त्यावर काम कोणाला मिळणार, तर विद्यापीठाचा नोकरदारांसाठीचा कोर्स जो पास होईल त्याला. बाकीच्यांनी खिडकीत बसून पेशंटची नावं लिहायची. हे कळलं आणि पोरीचा जीव टांगणीला लागला. ज्या वयात माणूस चष्म्याचा नंबर वाढवून घेतो, त्या वयात ही चुंबकाची गणितं सोडवायला बसली. शनिवार-रविवार वर्ग, एरवी मोबाइलवर लेक्चरं. कपड्यांच्या घड्या घालताना कानात मास्तर, डबा भरताना कानात मास्तर. मी काही विचारलं की नुसतं “अं?” मला राग यायचा, खोटं कशाला बोलू! एकटीने किती बडबड करायची? तशी मी करतेच म्हणा. नळाशी, कुकरशी, खिडकीतल्या कबुतरांशी, समोर येईल त्याच्याशी. मुलगा मला घरचा रेडिओ म्हणतो.

शेवटचा पेपर घरूनच द्यायचा होता, कॉम्प्युटरवर. नियम ऐकून माझं डोकंच फिरलं. कॅमेऱ्यातून विद्यापीठाची कोणी बाई सतत बघत राहणार. खोलीत दुसरं माणूस नको, दुसरा आवाज नको, खुर्चीवरून उठायचं नाही. उठलं की पेपर बंद.

“आणि शू लागली तर?” मी विचारलं.

“आई, प्लीज,” सून म्हणाली. तिचा चेहरा इतका उतरला होता की मी पुढचा विनोद गिळला.

त्या दिवशी मुलगा नातीला घेऊन सकाळीच बाहेर गेला. कॅमेऱ्यातल्या बाईने आधी झडती घेतली. सुनेने कॉम्प्युटर उचलून चारही भिंती दाखवल्या, पलंगाखालची जागा दाखवली, केस मागे सारून कान दाखवले. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा उतरवायला लावलं मेलीने! चोराची एवढी झडती कोणी घेत नसेल. मग दार लागलं.

मी कंबर कसली. बेल बंद केली, फोन गादीखाली कोंबला, कुकर लावलाच नाही. स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले ती हूं नाही की चूं नाही. शिंक आली, टॉवेलमध्ये दाबली. कबुतर घुमायला लागलं, त्याला नुसत्या डोळ्यांनी दटावलं. पोरीला येत असेल ना? वेळ पुरेल ना? देवा, हिचं होऊ दे रे बाबा, खिडकीत नावं लिहायला नको बसवूस तिला. हे सगळं मनातल्या मनात. तासभर असा गेला आणि मला माझंच कौतुक वाटायला लागलं.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. सून धावत आली, पांढरीफटक. माझं मनगट धरलं, नाडी बघितली.

“आई, काय होतंय? छातीत दुखतंय का? बोला ना!”

मी कसली बोलते! ओठांवर बोट ठेवून, मान हलवून, परत जा म्हणून खुणा करत राहिले. तिला वाटलं मला बोलताच येत नाहीये. तिने माझे खांदे धरून गदागदा हलवले.

“अगं बये, मला काही झालेलं नाही! तू उठलीस कशाला? जा आधी!”

“घरात आवाजच नव्हता,” ती म्हणाली. “मागे तुम्ही चक्कर येऊन पडलात, तेव्हाही असंच गप्प झालं होतं. मी शेजारच्या खोलीत कानात लेक्चर घालून बसले होते, मला कळलंसुद्धा नाही. आज एकच प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत होते, आई. डोक्यात शिरतच नव्हता.”

आतून बाईचा आवाज आला, “परीक्षार्थींनी जागेवर यावं.” मी तिला अक्षरशः ढकलत नेलं. आम्ही पोचेपर्यंत पडद्यावरून प्रश्न गेले होते, पेपर बंद झाल्याची एक ओळ तेवढी उरली होती. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. मशीन पुढच्याच महिन्यात येणार. मी कॅमेऱ्यापुढे उभी राहून त्या बाईला चांगलं सुनावलं, “तुमच्या घरी म्हातारी माणसं नाहीत का हो?” पण ती केव्हाच गेली होती.

मग मी सुनेवर घसरले. “अक्कल गहाण टाकलीस का गं? माझं काय, मी आज आहे, उद्या नाही. वर्षभर डोळे फोडलेस आणि ऐन वेळी उठलीस, ते कोणासाठी, तर माझ्यासाठी! आयुष्यात एकदा तोंड बंद ठेवलं मी, एकदाच...” पुढे मला बोलवेना. रडूच फुटलं.

ती खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून ऐकत होती.

“थांबू नका, आई,” ती म्हणाली. “बोला.”