शैलाताईंची कांद्यांची वेणी

कुणीही फूल हातात दिलं की शैलाताई आधी त्याचा जीव घ्यायच्या. पर्समध्ये कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड असायचंच. हळदीकुंकवाला मिळालेला गुलाबसुद्धा उभा चिरून आमच्या नाकासमोर धरत. "पाकळ्यांवर भाळू नको गं. आत बघ." मुलुंडच्या आमच्या इमारतीत त्या माझ्या शेजारी राहत, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत आणि पोरांना सणसणीत झापत.

त्यांचा सगळा लळा बाल्कनीतल्या हर्बर्टियावर. आयरिसच्या कुळातलं, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं हे रानफूल. त्यांनी ते बियांपासून वाढवलं होतं आणि पहिल्या फुलासाठी काही वर्षं वाट पाहिली होती. साडीच्या निऱ्यांसारखी चुण्यांची पानं. जांभळ्या फुलाच्या तीन पाकळ्या ऐसपैस, तीन अगदी चिमुकल्या. सकाळी उमललं की दुपारी संपलंच. "फोटो नंतर काढ, आधी पुंकेसर मोज. तीन ना? लिलीला सहा असतात. आणि अंडाशय पाकळ्यांच्या खाली. झालं, कूळ सापडलं!"

हे सांगताना बाही वर सरके आणि काळेनिळे वळ दिसत. नवरा, दत्ता, दारू पिऊन मारायचा. पट्ट्याने, चपलेने, एकदा कुकरच्या झाकणाने. पोलिसांत जाऊ या म्हटलं की त्या म्हणत, "माझं जाऊ दे गं."

मे महिन्यात हर्बर्टियाची पानं वाळली की कंद पावसात कुजू नयेत म्हणून त्या उपटून ठेवत. तपकिरी पापुद्र्याचे, हुबेहूब छोटे कांदे. माहेर अलिबागकडचं, तिकडे कांदे वेणी घालूनच टांगतात, त्यामुळे वाळक्या पानांसकट या कंदांचीही वेणी घालायच्या आणि स्वयंपाकघरात खायच्या कांद्यांशेजारीच टांगायच्या.

एका रविवारी दुपारी दत्ताने चकण्यासाठी नेमकी तीच वेणी उतरवली. कंद चिरले, तळले, आणि चव लागेना म्हणून ताटली त्यांच्या तोंडावर फेकली. "कांदापण धड आणता येत नाय तुला!" मग केस धरून डोकं ओट्यावर आपटलं.

आरडाओरडा ऐकून मी धावले. शैलाताईंच्या भुवईतून रक्त गळत होतं आणि त्या फरशीवरचे तळलेले काप निरखत होत्या. दत्ताने पुन्हा हात उगारला. त्यांनी वरवंटा उचलला आणि त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो कोसळला तरी त्या थांबेनात. खांद्यावर, गुडघ्यावर घाव घालतच राहिल्या. मी कमरेला मिठी घालून त्यांना मागे खेचलं, तेव्हा त्या किंचाळत होत्या, "सगळे चिरलेस रे! एक तरी ठेवायचास!"

त्यानंतर त्या घरात त्या राहिल्या नाहीत. मला आठवते ती मात्र त्याच संध्याकाळची पोलीस चौकी. तिथल्या साहेबांनी हसू दाबत विचारलं, "मॅडम, शिकलेल्या तुम्ही. कांद्यासाठी नवऱ्याचा हात मोडलात?"

"हो, कांद्यासाठीच," शैलाताई म्हणाल्या. कपाळावरची पट्टी रक्ताने ओली झाली होती आणि आता पहिल्यांदाच त्यांना रडू फुटलं होतं. "इतकी वर्षं मला मारत होता, तेव्हा नाही उचलला वरवंटा. तेही लिहून घ्या."