दादू मेस्त्रींचं काम चुकलं नव्हतं

"दादू मेस्त्री स्वतः रिपेअर केलेल्या गाडीतच गेला" असं हसत हसत सांगणाऱ्यांनो, आजपासून तोंडं बंद करा.

आज मेस्त्रींना जाऊन वर्ष झालं. त्या जोकवर वर्षभर मीही गप्प बसलो, म्हणून सगळ्यात जास्त राग माझाच येतोय.

माझी मासळीची जुनी पिकअप. दोन फेऱ्या झाल्या की इंजिन तापून काटा लालवर. कुडाळात एकाने बघितल्यासारखं केलं आणि थेट इंजिन खोलायला सांगितलं.

मग आचऱ्यात मेस्त्रींच्या गॅरेजला आणली.

त्यांनी आधी गाडी पूर्ण थंड होऊ दिली. फॅन बेल्ट दाबून बघितला. एक पाइप गळत होता, तो बदलला. इंजिन थोडं गरम करून बंद केलं आणि रेडिएटरवर हळूहळू हात फिरवला. वर गरम, खाली मध्ये मध्ये थंड.

"आत चोंदलो आसा," म्हणाले.

आणि मग एक गोष्ट केली जी मला झोंबली. गाडी परत थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढलं, आतल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले.

"पाणी खारा आसा रे. खंयचा भरतस?"

"आमच्या बावीचा. गोड आसा ता!"

"तुमका गोड लागता. माका नाय."

मेस्त्री मूळचे पिंगुळीचे. आमची विहीर खाडीला लागून. चार पिढ्या तेच पाणी पितोय. बाहेरगावचा माणूस येऊन आमच्या विहिरीला खारी म्हणतो? डोकंच फिरलं माझं.

त्यांनी रेडिएटर धुतला, कूलंट भरलं आणि स्पष्ट बजावलं.

"ह्या तात्पुरता आसा. रेडिएटर नवो घाल. आणि बावीचा पाणी परत ओत नको, खारान परत चोंदतलो."

"सीझन संपांदे, मगे घालतंय."

आठ दिवसांत कूलंट थोडं उतरलं. मी काय ओतलं असेल?

विहिरीचंच पाणी. कॅन भरभरून. मुद्दाम. मेस्त्रींना दाखवून द्यायचं होतं ना, आमचं पाणी किती गोड ते!

शहाणपणा नुसता.

पुढच्याच महिन्यात सकाळी नऊला गॅरेजमध्ये मेस्त्रींच्या छातीत दुखायला लागलं. घामाने शर्ट भिजलेला. माझी पिकअप समोरच उभी होती. त्यांना आणि धावत आलेल्या त्यांच्या बायकोला, काकींना, केबिनमध्ये बसवलं आणि कणकवलीच्या रस्त्याला लागलो.

चढावर काटा लाल. बॉनेटमधून वाफ.

गाडी बंद.

मी वेड्यासारखा कॅन घेऊन धावलो. मेस्त्रींना धड श्वास घेता येत नव्हता, तरी काचेतून ओरडले, "झाकण उघड नको रे, भाजशीत!"

स्वतःचा जीव चाललाय आणि ह्या माणसाला माझ्या हाताची काळजी.

वीस मिनिटांनी एक कार थांबली. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा ते गेले होते. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

थोडं आधी. म्हणजे किती, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

बाहेर बाकड्यावर काकींनी मला विचारलं, "ह्यांनीच केल्ली ना ती गाडी? मगे तापली कशी?"

मी म्हटलं, "काय म्हायत, काकी."

काय म्हायत! सगळं माहीत होतं मला.

तिथून गावभर पसरलं की मेस्त्रींचा हात चुकला. लग्नात, चहाच्या टपरीवर, गावच्या ग्रुपवर तोच जोक. मी एकदाही म्हटलं नाही की बाबांनो, चूक माझी आहे. एकदा तर मी हसलोसुद्धा.

आज सकाळी काकींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या शिव्या देतील वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या मेस्त्रींच्या फोटोकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वर्सभर मी ह्यांकाच बोल लावत ऱ्हवलंय रे."

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

खाली हात जोडलेले इमोजी टाकू नका. ज्याने ज्याने तो जोक मारलाय त्याने काकींच्या दारात जाऊन माफी मागावी. मी मागून आलोय, मिळालेली नाही.

मेस्त्री, तुम्ही गाडी बरोबर बघितली होती. तुम्हाला शेवटचा नमस्कार.