पलीकडे कोण राहतं?

"पलीकडे कोण राहतं?" असं विचारताना सिस्टर चष्मा कपाळावर सरकवायच्या. चष्मा वर गेला, की आमच्या धायरीच्या सोसायटीचे सेक्रेटरी खुर्चीत सावरून बसत.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. आमच्या पर्यावरण गटातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या आणि सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्या सभासद. आम्ही रोपं लावायचो, कापडी पिशव्या वाटायचो आणि दोन्हींचे फोटो टाकायचो. तुम्हीही अशा एखाद्या गटात असाल, तर पुढचं ओळखीचं वाटेल.

सोसायटीमागे कचऱ्याचा ढीग साठू लागला. तो ओढ्यापलीकडे हलवावा, असा अर्ज सेक्रेटरींनी लिहिला. वर ठळक अक्षरांत 'निसर्ग वाचवा'. सगळ्यांनी सह्या केल्या. सिस्टरांनी चष्मा वर केला.

"वस्ती आहे थोडी," सेक्रेटरी म्हणाले, "पण त्यांना सवय असते हो."

"वासाची? माझा जन्म दवाखान्यात गेला, मला नाही झाली. चला, त्यांनाच विचारू."

रविवारी आम्ही सातजण ओढा ओलांडून गेलो. सेक्रेटरींच्या नाकाला रुमाल. पहिल्याच घरातून ज्या बाई बाहेर आल्या, त्या रोज आमचाच कचरा उचलणाऱ्या.

"या की, बी-दोनशे तीन!" त्या सेक्रेटरींना म्हणाल्या. "ओल्या कचऱ्यात ब्लेड टाकता ते तुम्हीच न्हवं?" आणि कापलेलं बोट दाखवलं.

रुमाल खाली आला. पर्यावरणवाद्याची अशी ओळख पटलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "कचरा तुमचा, तर खड्डा बी तुमच्याच दारात करा. खत करायला मी शिकवते. पण फुकट न्हाई."

परतताना सेक्रेटरी अर्ज फाडू लागले. सिस्टरांनी हात धरला. "मागची बाजू कोरी आहे. नवा त्यावरच लिहा."

खड्डा झाला, सेक्रेटरींच्या पार्किंगशेजारी. बाई दर शनिवारी येऊन आम्हाला रागावून जाऊ लागल्या. ढीग ओसरला. पुढे पुढे तर सेक्रेटरी आल्यागेल्याला मूठभर खत हुंगायला लावत.

गेल्या वर्षी सिस्टर झोपेतच गेल्या. शोकसभेला वस्तीतल्या दहा-बारा बायका आल्या. नव्या वॉचमनने त्यांना फाटकावर थांबवलं.

"कोणाकडे?"

"सिस्टरांकडं."

त्याने नियमाप्रमाणे परवानगीसाठी सिस्टरांच्या फ्लॅटचा इंटरकॉम लावला. वरच्या बंद घरात घंटा वाजू लागली. सेक्रेटरी शेजारीच होते, मीही होतो. कोणीच त्याला 'ठेव' म्हणालं नाही.