युरियाचा आंबा

परवा जावई जेवायला येणार म्हणून भूगावच्या फ्लॅटमध्ये मी पेंढ्यात पिकत घातलेल्या घरच्या आंब्यांची पेटी उघडली. पेंढ्याचा तो कोंदट-गोड वास आला आणि मी थेट भरे गावात, सासऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो.

लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना होता. जावयाला दारचाच आंबा खिलवायचा म्हणून सासऱ्यांनी भाताचा उरलेला युरिया झाडाला घातला होता. आंबे नारळाएवढे झाले. सासूबाईंनी अढी उघडली, तर आंबे हिरवेच, पण बोट लावलं की खचत होते.

"खत खाऊन माजलाय त्यो, पिकायचं इसरला," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, उकिरड्याजवळच्या झाडाचं खावा. त्याला शेणाबिगर काय ठावं न्हाई."

ते आंबे मुठीएवढे, पण पिवळेधमक. ओसरीभर वास त्यांचाच होता.

तोवर सासऱ्यांनी सगळ्यात मोठा आंबा कापून माझ्या ताटात ठेवला. "कसा हाय?"

फोड पाणचट, कोयीपाशी काळी. मी कशीबशी गिळली आणि म्हणालो, "एकदम गोड!"

सासरे मिशीतल्या मिशीत हसले आणि त्यांनी दुसरा कापला.

म्हाताऱ्याचा मान आपण राखला, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. परवा गच्चीतल्या पिंपात खत घालून घालून वाढवलेला माझा आंबा जावयाच्या ताटात ठेवला. घास त्याच्या घशात अडकलेला मला स्पष्ट दिसला.

"पप्पा, एकदम गोड!"

मी दुसरा कापायला घेतला.