ओटीचा नारळ

भिजवलेल्या सरकीचा आंबूस वास आला की मला वडिलांची निवडणूक आठवते. अमळनेरच्या म्युनिसिपालिटीला ते उभे होते, आणि त्याआधी बारा वर्षं कापसाच्या जिनिंग कारखान्यात मुकादम होते. संध्याकाळी सुटताना कामकरी बायांनी फाटकाशी पदर झाडून दाखवायचा, कापूस लपवलेला नाही म्हणून, आणि ते समोर काठी घेऊन उभे असायचे. मतं मागायला निघाले तेव्हा मात्र घरोघरच्या सवाष्णींची ओटी भरायची असं त्यांनीच ठरवलं आणि माहेरी आलेल्या माझ्या हातात ताट दिलं. मला तेव्हा पाचवा महिना होता. जिनिंगमागच्या गल्लीत दारोदार गुरांसाठी सरकी भिजत घातलेली होती; तिथे एका बाईनं ओटीसाठी पदर पसरला. मी नारळ उचलला, तोच उंबऱ्याशी हात जोडून उभे असलेले वडील तिला दिसले. तिनं पदर आवरला नाही. त्यांच्याकडे तोंड करून तीनदा झाडला. "दखी ल्या भाऊ, काहीच नही शे," ती म्हणाली. "तवय पदरखाल कापूस शे म्हणीसन तुम्ही काठी खुपसी. कापूस नही व्हता. पोर व्हतं." वडिलांचे हात जोडलेलेच राहिले. गल्लीत आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "तो नारळ पुढला घरले चाली जाई." चालला. ते निवडूनही आले. सातव्या महिन्यात माझी ओटी भरली तेव्हा ते कौतुकानं दारात उभे होते. आज मला नातवंडं आहेत, तरी तो वास आला की मी पदर पोटावर घट्ट ओढून घेते.