कुलदीपची कडक गाडी

जानेफळच्या कुलदीपकडे जुनी स्पोर्ट्स कार आहे. वर्षातून दोनदा ती ट्रॅकवर पळते, बाकी दिवस घरची कामं करते. ट्रॅकसाठी कडक सस्पेन्शन बसवल्यावर त्याने चाचणीला शेजारच्या गोपाल आणि पुंजाजीला बसवलं. दोघांचाही जन्म ट्रॅक्टरवर गेलेला. "लोण्यावानी चालते बे," दोघंही म्हणाले.

गरोदर बायकोला, दीपमालाला, सातव्या महिन्याच्या तपासणीसाठी मेहकरला नेताना तिसऱ्याच गतिरोधकावर तिने पोट धरलं.

"थांबवा. मी एसटीनं जाते."

"हळू नेतो ना."

"हळूच नेऊन राह्यले तुम्ही."

तिला बसमध्ये बसवून कुलदीप गाडीने मागोमाग निघाला. बसवाला एकाही खड्ड्याला ब्रेक लावत नव्हता. प्रत्येक खड्ड्याला कुलदीपच मागे ब्रेक दाबत राहिला.