खंडेनवमीला चाललेलं बिनकामाचं मशीन

"कोबोल माहीत आहे, फोर्ट्रान ऐकलंय. हे ‘नाना’ काय आहे?" बापटसाहेबांनी कार्डांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला.

मी उठून उभा राहिलो. सोलापुरातल्या एका कापड गिरणीच्या कॉम्प्युटर विभागात मी प्रोग्रामर होतो, तोही प्रोबेशनवर. सत्तरच्या दशकातली गोष्ट. बापटसाहेब आमचे मॅनेजर. दसऱ्यानंतर मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

"भाषा आहे, सर. मी केलेली."

"काय करते ती?"

"काही नाही, सर."

तेव्हा मशीनला हुकूम द्यायचा तर तो पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून द्यावा लागे. अशा कार्डांचा गठ्ठा म्हणजे डेक. हुकूम कोणत्या शब्दांत द्यायचा त्याचे नियम म्हणजे भाषा. कोबोलमध्ये आम्ही गिरणीचा पगार काढायचो. माझी भाषा कशासाठीच नव्हती. जेवणाच्या सुट्टीत चाळा म्हणून केलेली. तिच्यात बेरीज सांगितली की मशीन छापायचं, ‘आदी च्या पिऊ की.’ पुन्हा सांगितली की ‘दमानं घ्या.’ तिसऱ्यांदा ‘उद्या बगू.’ बेरीज काही व्हायची नाही. प्रिंटरला देवनागरी येत नव्हती, म्हणून हे सगळं इंग्रजी कॅपिटल अक्षरांत उमटायचं. नाना म्हणजे माझे वडील. त्याच गिरणीत लूम खात्यात जॉबर, म्हणजे मागवाल्यांचे मुकादम. ही सगळी बोलणी त्यांची.

"वडील तिकडे मागापाशी घाम गाळतात आणि तुम्ही ए.सी.त बसून हे उद्योग करता?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डेक कपाटात पार मागे सारला.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी गिरणीत यंत्रांची पूजा. माग पुसायचे, झेंडूच्या माळा घालायच्या आणि बंद ठेवायचे. यंत्राकडून काम घ्यायचं नाही. त्या वर्षी कॉम्प्युटरचीही पूजा ठरली. सगळ्यांत जुने जॉबर म्हणून नारळ फोडायला नानांना बोलावलं. ते आमच्या खोलीत पहिल्यांदाच येत होते. नवा सदरा घालून आले. घरी आलेल्या प्रत्येकाला ते सांगायचे, "आक्क्या मिलचा पगार आमचं पोरगं काडतंय."

नारळ फुटला. मुंबईहून आलेले डायरेक्टर म्हणाले, "छान. आता जरा चालवून दाखवा."

"आज न्हाय, सायेब," नाना म्हणाले. "आज मशिनीकडनं काम घेत न्हाईत."

दारात जमलेल्या कामगारांनी माना डोलावल्या. डायरेक्टर त्याच संध्याकाळी परत जाणार होते. बापटसाहेबांना ए.सी.त घाम फुटला. ते माझ्या कानाशी आले.

"ते तुमचं खूळ आहे का अजून?"

मी कपाटातून डेक काढला. "नाना, हे लावतो. हे काम करत नाही."

नानांचा विश्वास बसेना. सगळ्यांसमोर उलटतपासणी सुरू झाली.

"ह्यातनं पगार निगतो?"

"नाही."

"सुताचा हिशेब?"

"नाही."

"मग काय निगतं?"

"काहीच नाही, नाना."

लोक हसले. माझे कान तापले. एवढं शिकवलेलं पोरगं काय करतं, ते नानांना चारचौघांत कळत होतं, आणि सांगणारा मीच होतो.

"मग चालवा," ते हळूच म्हणाले. "रिकामं फिरलं तर दोष न्हाय."

मशीन खडखडलं. बापटसाहेबांनी कागद मोठ्यानं वाचला, "आदी च्या पिऊ की." दारातून कुणीतरी ओरडलं, "आरं, हे तर आपलं नाना!" हशा पिकला. पुढच्या दोन ओळी तर लोकांनीच आधी म्हटल्या.

डायरेक्टरांनी हसत विचारलं, "कोण हे नाना?"

एवढ्या लोकांत मी बापाला कामचुकार ठरवून बसलो होतो. नानांनी टोपी सारखी केली आणि पुढे झाले.

"मीच की, सायेब. बोलनं आसंच हाय माजं. काम मातुर कदी चुकवलं न्हाय."

खरंच होतं ते. घाईनं माग सुरू केला की धागे तुटतात, म्हणून ते पोरांना ‘दमानं घ्या’ म्हणायचे. मी त्यांचं बोलणं उचललं, त्यामागचं कारण उचलायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी नानांना सोनं देऊन पाया पडलो. "मोटा हो," एवढंच म्हणाले.

डायरेक्टर खूश होऊन गेले होते. मी कायम झालो. ऑर्डर हातात घेताना मान काही वर होईना. त्याच आठवड्यात मी तो डेक रद्दीत टाकला.

पुढच्या खंडेनवमीला नाना पुन्हा नारळ घेऊन आले. बरोबर दुसऱ्या पाळीतले चार-पाच जण होते, मुद्दाम आणलेले. पूजा झाली तरी नाना मशीनपासून हलेनात.

"तेवडं माजं लाव की," ते म्हणाले. "ह्यास्नी दावायचंय."

"ते टाकलं, नाना. कामाचं नव्हतं."

"व्हय," नाना म्हणाले. "म्हनून तर आज लावायचं हुतं."

त्यांनी सोबत्यांच्या हातावर खोबरं ठेवलं आणि त्यांना घेऊन खात्याकडे गेले.

पगाराचे प्रोग्राम मी जिवापाड जपले होते. मशीन बदललं आणि ते सगळे एका दिवसात बाद झाले. कामाचं काय नि बिनकामाचं काय, हे मला पुढेही नीट ओळखता आलं नाही. पण काही टाकण्याआधी ते आपल्या एकट्याचं आहे का, एवढं मात्र विचारायला शिकलो.